विकणाराच तपासणार?

मुंबई-पुण्यातली गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाला निघाली की पहिल्याच सभेत मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "आपला पीएमसी कोण?" बिल्डर कितीही नावाजलेला असो, बांधकामाचा दर्जा आणि चटईक्षेत्राचा हिशेब त्यानंच तपासावा आणि त्यानंच 'बरोबर आहे' म्हणावं, हे कुठल्याही सभासदाला पटत नाही. राज्य सरकारनं ३ जानेवारी २००९ रोजी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली निर्देश काढले, ४ जुलै २०१९ ला ते सुधारले, आणि दोन्ही वेळा वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजेच पीएमसी, नेमण्याची पायरी त्यात ठेवली. लोकांनी आधी ठेचा खाल्ल्या होत्या, म्हणून ती पायरी आली.

याच सोसायटीतला एक सभासद नागरी सहकारी बँकेचा संचालक असतो, दुसरा एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयाचा विश्वस्त असतो, तिसऱ्याचा भोसरीला नाहीतर अंबडला कारखाना असतो. तिथं कोटीभराचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतं तेव्हा हीच मंडळी गप्प बसतात. आपली गरज काय, हे व्हेंडर सांगतो. टेंडरच्या अटींचा मसुदा व्हेंडरच 'मदत म्हणून' पाठवतो. चाचणी व्हेंडरची माणसं घेतात, काम पूर्ण झाल्याचं पत्र व्हेंडर तयार करून आणतो आणि मॅनेजर त्यावर शिक्का मारतो. सुरक्षेचंही तेच. फायरवॉल विकणारा येऊन 'फ्री ऑडिट' करून देतो, आणि त्या ऑडिटचा निष्कर्ष तो दारातून आत येण्याआधीच ठरलेला असतो: आणखी मोठी फायरवॉल घ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. जो माल विकतो त्याच्याकडून मालाच्या सुरक्षिततेचा दाखला घेऊ नका. जो प्रकल्प करतो त्याच्याकडून प्रकल्प झाल्याचा दाखला घेऊ नका. या दोन कामांसाठी बाहेरचा, स्वतंत्र, फक्त तुमच्याकडून पैसे घेणारा आयटी सल्लागार नेमा. त्याला नीट फी द्या. तो जे लिहून देईल ते संचालक मंडळात मोठ्यानं वाचा.

यावर पहिलं उत्तर येतं ते, "आमच्यासारख्या लहान संस्थेकडं कोण बघतंय?"

११ ऑगस्ट २०१८ आठवा. शनिवार होता. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ ची, आपल्या सहकारी बँकांतली जुनी आणि मोठी, पण जगाच्या मानानं लहानच. ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा 'स्विच' नावाची यंत्रणा बँकेच्या कोअर बँकिंगला विचारते की या खात्यात पैसे आहेत का, देऊ का. हल्लेखोरांनी मधल्या मध्ये आपला बनावट स्विच बसवला. तो बँकेला काही विचारतच नव्हता. येईल त्या मागणीला 'द्या' म्हणत होता. क्लोन केलेली कार्डं घेऊन माणसं २८ देशांतल्या एटीएमपुढं उभी होती. आपल्या कोल्हापुरातही होती. काही तासांत सुमारे साडेऐंशी कोटी रुपये गेले. मध्ये रविवार गेला आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या, मार्गानं आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. ही मुख्यतः पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसं. स्विचमध्ये शिरलेले दूरच राहिले.

ही बातमी प्रत्येक संचालकानं वाचली होती. चहा पिताना तिच्यावर बोलणंही झालं. पण शनिवारी दुपारी आपल्या बँकेच्या कार्डांवरचे व्यवहार अचानक दसपटीनं वाढले तर आपल्याकडं फोन कुणाला जातो आणि तो माणूस यंत्रणा बंद करण्याचा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेऊ शकतो का, हा प्रश्न किती मंडळांच्या इतिवृत्तात सापडेल? स्वतंत्र सल्लागार पहिल्या भेटीत हेच विचारतो. व्हेंडर विचारत नाही, कारण या उत्तरातून त्याची काही विक्री होत नाही.

नियमांची कमतरता नाही. कॉसमॉसनंतर सुमारे दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली. ३१ डिसेंबर २०१९ ला चार स्तर केले: बँकेचं डिजिटल काम जितकं खोल, तितक्या अटी कडक. पण त्या अटी पाळल्याचा तक्ता भरायला व्हेंडरचाच पोरगा संगणकापुढं बसलेला मी पाहिला आहे. तो 'होय, होय, होय' अशी उत्तरं भरत होता आणि बँकेचा अधिकारी शेजारी बसून दुसऱ्याच फायलीवर सह्या करत होता.

सल्लागार नेमका काय करतो हे लोकांना माहीत नसतं, म्हणून त्याची फी जड वाटते. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत एक सल्लागार बाई तपासणीला गेल्या होत्या. मी सोबत होतो. सर्व्हर रूम म्हणजे अध्यक्षांच्या केबिनमागची अरुंद खोली. त्यात जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे, यूपीएस आणि एक पंखा. बाईंनी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे?"

"कंपनीकडे, मॅडम," सिस्टिम बघणारा तरुण म्हणाला. "अडलं की आपण फोन करतो. ते एनीडेस्कनं आत येतात."

एनीडेस्क म्हणजे दुरून संगणक हाताळू देणारं सॉफ्टवेअर. त्याचा नंबर आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. त्या खोलीत रोज झाडायला येणाऱ्या मावशी, यूपीएसची बॅटरी बदलायला येणारा माणूस, पावतीपुस्तक शोधायला येणारा शिपाई, सगळ्यांना तो वाचता येत होता.

मग बाईंनी सर्व्हरचं घड्याळ आणि स्वतःच्या मोबाइलचं घड्याळ शेजारी धरलं. सर्व्हर चांगला पुढं होता. सीसीटीव्ही त्याहून वेगळी वेळ दाखवत होता. ही किरकोळ गोष्ट वाटते. पण उद्या रात्री कुणी आत शिरलं तर सर्व्हरची नोंद एक वेळ सांगेल, कॅमेरा दुसरी सांगेल, आणि वकील दोन्ही पुरावे फाडून टाकेल. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात घड्याळं प्रमाण वेळेशी जुळवण्याची अट आहे, १८० दिवसांच्या नोंदी जपण्याची आहे, आणि घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवण्याचीही आहे. सहा तासांत कुणाला, कोणत्या पत्त्यावर कळवायचं, हे त्या संस्थेत एकालाही सांगता आलं नाही.

वापरकर्त्यांच्या यादीत निवृत्त झालेल्या शाखाधिकाऱ्याचं लॉगिन चालू होतं. नुसतं चालू नव्हतं. त्यावरून त्याच महिन्यात कर्जं मंजूर झाली होती. नव्या शाखाधिकाऱ्याचं लॉगिन तयार करायला कंपनीचा माणूस आलाच नव्हता, म्हणून ते जुन्या साहेबांच्या नावानं काम उरकत होते. यात कुणाची चोरी नव्हती. पण उद्या एखादं कर्ज बुडालं, तर मंजुरी कुणाची? घरी नातवंडं सांभाळत बसलेल्या माणसाची.

आणि शेवटी बॅकअप. "रोज होतो, मॅडम," असं सांगून त्या तरुणानं पडद्यावरची हिरवी खूण दाखवली. बाई म्हणाल्या, "छान. मग कालच्या बॅकअपमधून कुठल्याही एका खात्याचा उतारा आत्ता काढून द्या." तासभर खटपट झाली. कंपनीला फोन झाला. फाइल उघडली नाही. डिस्क भरून गेली होती. हिरवी खूण बॅकअप सुरू झाल्याची होती, पूर्ण झाल्याची नव्हती, आणि ते वेगळं असतं हे त्या संस्थेला कुणी कधी सांगितलं नव्हतं. हजारो ठेवीदारांची खाती एका डिस्कवर उभी होती.

बाहेर पडताना तो तरुण हळूच म्हणाला, "मॅडम, डिस्कचं आणि पासवर्डचं मी दोनदा लिहून दिलंय साहेबांना." त्यानं फाइलही दाखवली. अर्जावर 'पुढील सभेपुढे ठेवावे' असा शेरा होता. हे मला जवळपास सगळीकडे भेटतं. आत काम करणाऱ्याला रोग ठाऊक असतो, पण त्याच्या पगाराच्या माणसाचं कुणी ऐकत नाही. स्वतंत्र सल्लागाराचा एक मोठा उपयोग हा, की तेच वाक्य तो अध्यक्षांच्या समोर बसून, लेखी, तारखेसह सांगतो. चांगला सल्लागार त्या तरुणाचं नावही अहवालात घालतो.

बॅकअपचं महत्त्व कुणाला पटत नसेल तर त्यानं न्हावा-शेवा बंदराला विचारावं. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला झाला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. म्हणजे व्हेंडरनं पाठवलेल्या, सगळ्यांनी विश्वासानं घेतलेल्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा-शेव्याचं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीच्या सगळ्या संगणकांची आणि लॉगिनची नोंदवही सांभाळणारे सर्व्हर पुसले गेले. ते सगळे एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून एक पुसला तसे सगळे पुसले. घानातला तेवढा एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथं वीज गेली होती. पुढं चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. मर्स्ककडं पैसा होता, माणसं होती, जगभर पसरलेली कार्यालयं होती. आपल्या रुग्णालयाकडं यातलं काय आहे?

आणि 'आमचं सगळं मोठ्या कंपनीकडं आहे, आम्हाला चिंता नाही' हे म्हणणाऱ्यांनी ३१ जुलै २०२४ ची आठवण ठेवावी. सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, राष्ट्रीय देयक महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, तिला देयकांच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक यूपीआयविना, एटीएमविना राहिले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत मिळाली. बरं झालं. पण त्या दिवशी काउंटरवर आलेल्या ग्राहकाला तीनशे बँकांपैकी किती बँका स्वतःचं असं काही सांगू शकल्या? व्हेंडर पडला तर आपण काय करायचं, याची योजना व्हेंडर लिहून देत नसतो. ती तुमच्या बाजूच्या माणसानं लिहायची असते.

आता प्रकल्पाकडं येतो. इथं पैसा सर्वात जास्त वाया जातो आणि आरडाओरडा सर्वात कमी होतो.

सहकारी संस्थेत नवं सॉफ्टवेअर पाडव्याला सुरू करायची हौस असते. मुहूर्त उत्तम. पण पाडवा येतो मार्चअखेरीच्या आगेमागे. कर्मचारी वसुली, व्याज आकारणी आणि ताळेबंद यात बुडालेले असतात, आणि त्यांनाच सांगितलं जातं की संध्याकाळी थांबून चाचणी घ्या. चाचणी म्हणजे काय, तर एक ठेव पावती काढून बघायची, एक खातं उघडून बघायचं, चार ठिकाणी सह्या करायच्या. पिग्मी एजंटच्या मशिनमधला दिवसाचा भरणा नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरतो का, मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीचं व्याज जुन्यासारखंच येतं का, सोनेतारणाच्या खात्यात दागिन्यांचं वजन बरोबर आलं का, हे बघायला कुणाला उसंत नसते. जुन्या सॉफ्टवेअरमधली मराठी नावं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात. मग पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खातेदाराच्या पासबुकावर त्याचं स्वतःचं नाव त्याला वाचता येत नाही आणि काउंटरवरची बाई शिव्या खाते. व्हेंडरचं बिल मात्र तोवर निघालेलं असतं, कारण चाचणीच्या कागदावर सह्या आहेत.

कामावर आपल्या बाजूचा प्रकल्प सल्लागार असेल तर तो तीन आठवडे आधीच सांगतो की पाडवा सोडा, जून धरा. जुनं आणि नवं सॉफ्टवेअर महिनाभर शेजारी शेजारी चालवा, रोज संध्याकाळी दोन्हीकडचा रोजकीर्दीचा आकडा जुळवा, जुळला नाही तर का नाही ते शोधा. तो बिल टप्प्यांनी बांधतो: डेटा बिनचूक उतरला तर इतके, व्याजाची गणितं जुळली तर इतके, शेवटची रक्कम तीन महिने नीट चालल्यावर. व्हेंडर "नव्वद टक्के झालंय" म्हणतो तेव्हा तो विचारतो की राहिलेल्या दहा टक्क्यांत काय काय आहे ते लिहून द्या. त्या दहा टक्क्यांतच बहुतेक वेळा खरं काम असतं.

मोठ्यांचंही असंच होतं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पन्नास लाखांवर ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रणेवर हलवली. यंत्रणा बांधणारी सबिस ही टीएसबीच्या तेव्हाच्या मालक बँकेचीच, स्पेनच्या सबादेलची, कंपनी होती. म्हणजे घरचाच ठेकेदार. त्यानंतर ग्राहक लॉगिन करायला गेले आणि सुमारे १९ लाख लोकांना आपली खाती उघडता येईनात. स्थिती पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. पुढं स्वतंत्र चौकशीत निघालं की यंत्रणेवर भार टाकून बघण्याची चाचणी दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं: एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. पुरवठादार खरोखर तयार आहे का, याची पुरेशी खातरजमा त्यानं केली नाही, हा ठपका. आपल्याकडं असा वैयक्तिक दंड सुरू झाला तर चाचणीच्या कागदावर सही करायला हात थरथरतील, आणि थरथरलेच पाहिजेत.

स्वतंत्र सल्लागार नेमायचं ठरवलं की आपण त्यातही घाण करतो. पहिली घाण टेंडरची. सर्वात कमी दराच्या माणसाला काम. संगणकाच्या खुर्च्या अशा घ्याव्यात. डोकं असं घेऊ नये. जो सर्वात कमी फी सांगतो, तो ती कुठून तरी भरून काढणार, आणि ती जागा म्हणजे व्हेंडरचं कमिशन. एखादा सल्लागार खरेदीच्या अटींमध्ये यंत्राचं वर्णन इतकं बारीक लिहितो की बाजारात एकाच मॉडेलला ते लागू पडतं. आणि त्या मॉडेलचं 'डील रजिस्ट्रेशन' एका विक्रेत्यानं कंपनीकडं आधीच करून ठेवलेलं असतं, म्हणून सवलतीचा दर फक्त त्यालाच मिळतो. कागदावर तीन कोटेशन येतात. स्पर्धा एकाचीही नसते. सोसायट्यांतही बिल्डरच्या खिशातले पीएमसी निघतात, हे मुंबईकराला सांगायला नको.

म्हणून नेमणूकपत्रातच लिहून घ्या की गेल्या तीन वर्षांत कोणत्या हार्डवेअर, सॉफ्टवेअर कंपनीकडून किंवा विक्रेत्याकडून त्यानं पैसे घेतले, आणि या कामाच्या काळात व पुढं वर्षभर तो घेणार नाही. फी दिवसांवर किंवा ठरलेल्या कामावर द्या. प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यांत कधीच देऊ नका. टक्के दिले की प्रकल्प महाग होण्यात त्याचा फायदा होतो. सल्लागार अध्यक्षांचा भाचा नको, हे मी लिहायला नको होतं, पण लिहितो, कारण भाचे फार आहेत. जो माणूस शुक्रवारी रात्री मामांच्या घरी जेवायला जातो, तो सोमवारी मामांचा निर्णय चुकला असं लिहून देत नाही.

त्यानं अहवाल कुणाला द्यायचा, हेही ठरवा. सीईओंना दिला तर सीईओंच्या ड्रॉवरमध्ये राहतो. संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला थेट द्यावा, आणि वर्षातून एकदा तरी अधिकाऱ्यांना बाहेर बसवून मंडळानं त्याच्याशी बोलावं. चालू यंत्रणेचे पासवर्ड त्याला कायमचे देऊ नका. तपासणीपुरता, मुदतीचा, नोंद होणारा प्रवेश द्या आणि काम झालं की काढून घ्या. ज्याला हे अपमानास्पद वाटतं, त्याला नेमू नका. खरा जाणकार स्वतःच हे सांगतो.

सुरक्षेची औपचारिक तपासणी लागते तिथं अनेकदा सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडूनच ती करून घ्यावी लागते. त्या यादीतलं नाव हा किमान दाखला झाला. तो चांगल्या कामाची हमी देत नाही. मी एका संस्थेत असा अहवाल पाहिला आहे, दीडशेच्या आसपास पानं, रंगीत तक्ते, सगळं इंग्रजी. मधल्या एका पानाच्या वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच संस्थेचं नाव राहिलं होतं. जुना अहवाल उघडून नाव बदलायचं, स्कॅनरचा निकाल चिकटवायचा, बिल पाठवायचं. संचालकांनी तो स्वीकारल्याचा ठराव झाला होता; उघडला कुणीच नव्हता. ही सल्लागारांची लबाडी आहे आणि तिला नाव द्यायला मी कचरत नाही. पण तिला वाव देणारे ते संचालकच. अहवालाची पहिली दोन पानं मराठीत हवीत, त्यात सर्वात घातक पाच गोष्टी हव्यात, प्रत्येकीपुढं जबाबदार माणूस आणि तारीख हवी, एवढी अट घातली तरी निम्मे कॉपीबहाद्दर काम घ्यायला येणार नाहीत.

"फी परवडत नाही" ही तक्रार लहान पतसंस्थेच्या तोंडी खरी असते, तिची मी थट्टा करणार नाही. एका जिल्ह्यातल्या पाच-सहा संस्थांनी मिळून एक सल्लागार वर्षाच्या करारावर घ्यावा, दिवस वाटून घ्यावेत. बॅकअप, पासवर्ड, निवृत्तांची लॉगिनं, घड्याळं हे रोग सगळीकडं तेच असतात. एका ठिकाणी बसवलेली घडी दुसरीकडं लवकर बसते. नागरी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये छत्रसंस्था सुरू झाली, लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणं हा तिचा एक हेतू आहे. चांगलं आहे. पण तंत्रज्ञान तीच पुरवणार असेल, तर तिला प्रश्न विचारणारा माणूस बँकेचा स्वतःचा हवा. नाहीतर व्हेंडर बदलला, एवढाच फरक.

परवडण्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनंही मांडा. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णालयाच्या संगणकातले एचआयव्हीचे अहवाल, पतसंस्थेतली कर्जदारांची आधार कार्डं, शाळेतले मुलांचे पत्ते आणि पालकांचे फोन बाहेर गेले, तर दंडाआधी लोकांच्या आयुष्याचं जे होईल ते कोण भरून देणार? ज्या संस्था वार्षिक सभेच्या मंडपावर, फेट्यांवर आणि अहवालाच्या गुळगुळीत कागदावर खर्च करतात, त्यांनी सल्लागाराच्या फीवर घासाघीस करू नये.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात. सभासद म्हणून तुमच्याकडं प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि तो लेखी, सभेच्या आधी वापरता येतो. एवढं विचारा: बॅकअपमधून डेटा परत काढून बघण्याची शेवटची तारीख कोणती, ते काम कुणी केलं; आपल्या सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड आपल्याकडं आहे की व्हेंडरकडं; आणि गेल्या वर्षी यंत्रणा तपासणाऱ्यानं आपल्याशिवाय आणखी कुणाकडून पैसे घेतले. उत्तर तोंडी मिळालं तर इतिवृत्तात घ्यायला सांगा आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा.